करंगळीला जागा आहे का?

कॅमेरा-शंका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत सेन्सर आणि मेगापिक्सेलपेक्षा हात, मनगट, नाक आणि चष्मा यांच्याच तक्रारी जास्त. त्यामुळे हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) विकून फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेला) मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, घेतला. बॉडी बरीच हलकी आहे. तरी 24-70 एफ/2.8 लेन्स लावून तासभर काम केलं की करंगळी आणि मनगट दुखायला लागतं. बॉडी हलकी असून असं का? सिस्टिमच बदलावी का?

उत्तर : एवढ्यात बदलू नका. दुखण्याची कारणं दोन आहेत आणि त्यातलं एक तरी कमी खर्चात जाण्यासारखं आहे.

पहिलं कारण उंचीचं. कॅनन 5डी मार्क 4 ची बॉडी 116.4 मिलिमीटर उंच, निकॉन डी850 ची 124. मिररलेसमध्ये सोनी ए7 3 ची 95.6, कॅनन आर6 ची 97.5, निकॉन झेड6 2 ची 100.5. म्हणजे दोन ते तीन सेंटिमीटर गेले. कागदावरच्या या उंचीत व्ह्यूफाइंडरचा उंचवटाही मोजलेला असतो, त्यामुळे बोटांना मिळणारी पकड याहून बरीच कमी. उभी पट्टी मुठीत धरा आणि तर्जनी सोडून उरलेल्या तीन बोटांची रुंदी मोजा. शटरच्या बटणाखालून बॉडीच्या तळापर्यंतचं अंतर त्याहून कमी असेल, तर करंगळी बाहेर लोंबणार किंवा तळाखाली दुमडली जाणार. तिच्या वाटचा जोर मग मधलं बोट आणि अंगठा घेतात. अंगठ्याचा स्नायू सतत आवळलेला राहिला की दुखणं मनगटापर्यंत जातं.

दुसरं कारण तोलाचं. बॉडीचं वजन घटलं तरी लेन्सचं घटलेलं नाही, कारण सेन्सर तेवढाच आणि उजेड आत सोडणारं छिद्र एफ/2.8 चंच. कॅननची आरएफ 24-70 एफ/2.8 सुमारे 900 ग्रॅमची आहे, निकॉनची झेड माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) 805, सोनीच्या जीएम मालिकेतली पहिली 886 आणि दुसरी 695. साडेसहाशे ग्रॅमच्या बॉडीपुढे 900 ग्रॅमची लेन्स आली की जोडीचा तोल माउंटच्या पुढे जातो, आणि नाक खाली करू पाहणाऱ्या कॅमेऱ्याला उजवं मनगट ओढून धरत बसतं. जुनी डीएसएलआरची लेन्स अडॅप्टरवर (मधल्या जोडकड्यावर) लावणाऱ्यांना हे आणखी जाणवतं. अडॅप्टरमुळे लेन्स पुढे गेली असं त्यांना वाटतं, पण सेन्सरपासून लेन्सचं अंतर पूर्वीइतकंच असतं (कॅननच्या डीएसएलआर माउंटचं, म्हणजे ईएफचं, 44 मिलिमीटर, मिररलेसच्या आरएफचं 20, मधले 24 अडॅप्टरचे). खरा फरक मागच्या बाजूचा आहे. तोल सांभाळणारी जड बॉडी आता तिथे नाही.

तोल घरीच काढता येतो. गादीवर एक जाड पेन आडवा ठेवा, त्यावर लेन्ससकट कॅमेरा ठेवून पुढे-मागे सरकवा. कॅमेरा जिथे डुलत थांबतो, तिथे डावा तळहात हवा, खालून, बोटं वर करून. बरेच जण डाव्या हाताने लेन्स बाजूने धरतात, म्हणजे वजन उजव्या हातावरच राहतं. पडताळायचं असेल तर कॅमेरा डोळ्याला लावून उजवी बोटं क्षणभर सैल सोडा. नाक खाली गेलं, तर डावा हात मागे आहे, पुढे न्या. कोपर बरगडीला टेकू द्या.

एवढं करूनही करंगळी दुखली तर तळाला जोडपट्टी लावा. कॅननच्या आरपीसाठी, सोनीच्या ए7 मालिकेसाठी त्यांच्याच कंपनीच्या पकड-पट्ट्या आहेत, बाहेरच्या कंपन्यांच्या एल-प्लेटही (तळ आणि बाजू धरणाऱ्या एल आकाराच्या पट्ट्या) मिळतात. सेंटिमीटरभर उंचीनेही फरक पडतो. घेताना तीन गोष्टी बघा. पट्टी न काढता बॅटरीचं दार उघडतं का? बाजूला उघडणारी स्क्रीन एल-प्लेटच्या उभ्या भागाला अडते का? आणि पट्टीला बॉडीच्या कडेला अडकणारी ओठासारखी धार आहे का? ती नसेल तर एकाच स्क्रूवरची पट्टी लेन्सच्या वजनाने फिरते, स्क्रू सैल पडतो आणि तुम्ही दर तासाला तो आवळत बसता. दोन बॅटऱ्यांची उभी ग्रिप मात्र विचार करूनच घ्या. तोल मागे येतो आणि उभी चौकट घेताना कोपर हवेत उचलावं लागत नाही, हे खरं. पण एकूण वजन वाढतं, म्हणजे जे टाळायला मिररलेस घेतला तेच परत येतं.

एवढ्या उपायांनीही भागलं नाही, तर बॉडीच्या आधी लेन्स बदला. 886 च्या जागी 695 ची लेन्स आली की समोरून 191 ग्रॅम जातात आणि ते मनगटाला बॉडीतल्या 191 ग्रॅमपेक्षा जास्त सुखावतात, कारण ते हातापासून लांब असतात. आणखी एक. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी कळ उठत असेल, तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. ती स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेच्या आवरणाची सूज असू शकते आणि पट्टीने जाणारी नाही.

प्रश्न : चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे कोपरे दिसत नाहीत. शिवाय मी डाव्या डोळ्याने बघतो, नाक स्क्रीनला लागून फोकसचा चौकोन भलतीकडे उडतो. कोणती बॉडी घ्यावी?

उत्तर : जाहिरातीत मॅग्निफिकेशनचा (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किती मोठं दिसतं त्याचा) आकडा मोठा दिसतो, तुम्ही त्याच्याशेजारचा आयपॉइंट वाचा. आयपीसच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसते, ते अंतर म्हणजे आयपॉइंट. निकॉन झेड6 मध्ये मॅग्निफिकेशन 0.8 आणि आयपॉइंट 21 मिलिमीटर आहे, कॅनन आर6 मध्ये 0.76 आणि 23. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटरवर असते, त्यात काचेची जाडी आणि आयकपचं रबर मिळवा, म्हणजे हिशेब किती काठावरचा आहे ते कळेल. दोन मिलिमीटरही इथे फार असतात. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा लहान करायची सोय असते. बॉडी बदलण्याआधी तेवढं तपासा, आणि आयकप मोठा असेल तर काढून बघा.

चष्मा काढून डायॉप्टरवर (व्ह्यूफाइंडरशेजारच्या, नंबर जुळवायच्या चाकावर) भागवणं हाही मार्ग आहे. बहुतेक बॉडींत उणे 4 ते अधिक 2 पर्यंत तो फिरतो. मात्र तिरपा नंबर असेल तर तो यात भरून निघत नाही, आणि डोळा बाजूला केला की स्क्रीनवरचं काही दिसत नाही. डायॉप्टर लावताना समोरच्या दृश्याकडे न बघता व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांकडे बघा, नाहीतर लेन्सच्या फोकसची चूक डायॉप्टरने लपवली जाते.

डाव्या डोळ्याच्या माणसांनी व्ह्यूफाइंडर मधोमध असलेली बॉडीच घ्यावी. सोनी ए7सी सारख्या, डाव्या कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर असलेल्या बॉडी उजव्या डोळ्यासाठी बेतलेल्या आहेत. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याचं नाक त्यात मोकळं राहतं. तुमचा मात्र अर्धा चेहरा स्क्रीनवर येईल आणि अंगठ्याला गाल व बटणं यांच्या फटीत शिरावं लागेल. (ए7सी च्या व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशनही 0.59 च आहे.) फोकसचा चौकोन उडतो त्यावर उपाय सोपा आहे. डाव्या डोळ्याने बघताना नाक स्क्रीनच्या उजव्या भागावर येतं, म्हणून टच-पॅडचं क्षेत्र मेनूतून डाव्या अर्ध्यापुरतं करा किंवा टच बंद करून जॉयस्टिक वापरा. हीच गडबड कमरेच्या उंचीवरून फोटो काढतानाही होते, फक्त वेगळ्या रूपात. पोट किंवा पट्टा डोळ्याच्या सेन्सरसमोर आला की स्क्रीन अचानक काळी पडते. अशा वेळी 'फक्त स्क्रीन' ही निवड एखाद्या बटणावर ठेवून द्या.

प्रश्न : पक्ष्यांसाठी फुल फ्रेम आणि 200-600 लेन्स घ्यावी की मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरची सिस्टिम)? खांदा जुनाच दुखरा आहे.

उत्तर : खांदा दुखरा असेल तर बेरीज करूनच बोलू. सोनी ए7 4 ही 658 ग्रॅम आणि 200-600 ही ट्रायपॉडचा पाय काढून 2115, मिळून पावणेतीन किलोच्या वर. मायक्रो फोर थर्ड्सची ओएम-1 ही 599 आणि तिची 100-400 ही 1120, म्हणजे 1700 च्या आसपास. तिथे दृश्यकोन 200-800 सारखा मिळतो. कॅनन आर7 (612) वर आरएफ 100-400 (635) लावली तर सव्वा किलोत काम होतं, पण पूर्ण झूमवर तिचं छिद्र एफ/8 इतकंच उघडतं, पहाटेच्या उजेडात आयएसओ (उजेडाला सेन्सरची संवेदनशीलता) चढणार. छोट्या सेन्सरचा दाणाही (फोटोतला खरखरीतपणा) त्याच वेळी बोलायला लागतो. वजन वाचवाल तितका उजेड सोडाल, यातून सुटका नाही.

पण आकड्यात न दिसणारी एक गोष्ट पक्ष्यांच्या फोटोंत फार महत्त्वाची आहे. 200-600 आणि निकॉनची 180-600 झूम केल्यावर लांब होत नाहीत, सगळं आतल्या आत सरकतं, म्हणून तोल जागचा हलत नाही. कॅननची आरएफ 100-500 किंवा ओएमची 100-400 झूमबरोबर लांब होते आणि तोल पुढे सरकतो. मोनोपॉडवर हा फरक लगेच जाणवतो. आत झूम होणारी लेन्स कॉलरवर (लेन्सभोवतीच्या, पाय असलेल्या कड्यावर) एकदा बसवली की झालं, लांब होणारी लेन्स दोन्ही टोकांना वेगळी डोलते. मात्र झोळीत भरताना लांब होणारीच बरी, कारण मिटल्यावर ती आखूड असते.

तुम्ही उडते पक्षी हातात धरून टिपणार असाल, तर दोन किलोच्या आत राहा. झाडावर बसलेल्याची तासन्‌तास वाट बघत असाल, तर मोनोपॉड घ्या आणि वजनाचा विचार फक्त चालण्यापुरता करा. पट्टा गळ्यात नको. खांद्यावरून तिरका घाला आणि तो बॉडीला न अडकवता लेन्सच्या कॉलरच्या पायाला अडकवा. बॉडीला अडकवला तर दोन किलोची लेन्स चालताना माउंटवर हिसके देत राहते.

प्रश्न : निकॉन सोडून कॅननकडे जायचं आहे. हाताची सवय किती दिवसांत बदलते?

उत्तर : बटणांची सवय लवकर होते, फिरवायच्या गोष्टींची नाही. दोन्हींच्या लेन्स उलट दिशांनी बसतात आणि झूमची रिंगही उलटी फिरते. फोकसची दिशा अलीकडच्या अनेक बॉडींत मेनूतून उलटवता येते, झूमची नाही, कारण तिची जोडणी यांत्रिक असते. घाईत जवळ आणायला जाल आणि दृश्य लांब जाईल. दोन्ही सिस्टिम एकत्र बाळगणं त्यापेक्षाही वाईट, कारण मग कुठलीच दिशा हातात बसत नाही. जायचंच असेल तर एकदम जा.

प्रश्न : फुजीफिल्मच्या डायल असलेल्या बॉडी आवडतात. हात लहान आहेत. रोजच्या कामाला चालतील का?

उत्तर : एक्स-टी5 (557 ग्रॅम) लहान हाताला बसते. तिच्या 18-55 सारख्या 310 ग्रॅमच्या लेन्सशी जोडीही जुळते. कॅमेरा बंद असतानाही शटरचा वेग आणि आयएसओ वरून वाचता येतात, ही चैन फार थोड्या कॅमेऱ्यांत मिळते. अडचण वेगाची. आयएसओची डायल डाव्या टोकाला, छिद्राची रिंग लेन्सवर, म्हणजे डावा हात लेन्सखालचा आधार सोडून वर येतो. शिवाय जतन केलेल्या सेटिंगवर उडी मारली तरी डायल स्वतःहून फिरत नाही, ती जिथे आहे तिथेच. समारंभात मंडपातून बाहेर, उन्हातून आत असं सतत चाललेलं असेल, तर त्याच माउंटची, पीएएसएम (ऑटो ते मॅन्युअल असे मोड निवडायचं) चाक आणि खोल पकड असलेली एक्स-एच2 (660 ग्रॅम) बघा. लेन्स त्याच राहतात. सपाट पुढच्या अंगाच्या जुन्या धाटणीच्या बॉडी, निकॉन झेडएफ (710 ग्रॅम) धरून, दिसायला देखण्या असतात. जोडपकड न लावता त्यावर जड झूम लावू नका, बोटांना धरायला तिथे काहीच नसतं. कॅनन टी90 ला 1986 साली गोलाकार पकड मिळाली ती उगाच नव्हे.

प्रश्न : दुकानात दहा मिनिटं मिळतात. त्यात काय तपासावं?

उत्तर : किट लेन्स लावलेली बॉडी हातात देतील, ती परत करा. तुम्ही रोज वापरणार ती सर्वांत जड लेन्स लावायला सांगा. पकड आणि लेन्स यांच्या फटीत मधल्या बोटाचं पेर घासतं का ते बघा. निदान अर्धा सेंटिमीटर मोकळं हवं, हातमोजे घालणार असाल तर जास्त. मग डोळे मिटून छिद्र, शटर, आयएसओ आणि फोकसचा बिंदू बदला. ज्यासाठी डोळे उघडावे लागले, ते बटण नेमून बदलता येतं का हे विचारा.

त्यानंतर कॅमेरा डोळ्याला लावून पूर्ण दोन मिनिटं तसाच धरा, घड्याळ लावून. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळेच कॅमेरे छान वाटतात. मग उभी चौकट, तीही दोन मिनिटं. एएफ-ऑन (मागचं फोकसचं बटण) दाबताना अंगठ्याला पकड सोडावी लागली, तर फोकस मागच्या बटणावर ठेवायची सवय तुम्हाला या बॉडीवर सोडावी लागेल. चष्मा असेल तर तो घालूनच जा. शेवटी निवडलेली बॉडी आणि लेन्स एक दिवस भाड्याने घ्या आणि खऱ्या कामाला न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याचं मूळ दाबून बघा आणि मगच पैसे भरा.