चौरंगाचा रंग काढू का?

प्रश्न : सासूबाईंच्या माहेरून, सावंतवाडीहून आलेला रंगीत चौरंग आमच्याकडे आहे. लाल जमिनीवर पिवळ्या-हिरव्या वेलबुट्टीची किनार, मध्ये कमळ, कातीव पाय. दरवर्षी गणपती त्यावरच बसतात. आता वरचा रंग पोपडे धरून उडतोय, समईच्या काजळीनं एक कोपरा काळा झालाय. सुतार म्हणतो, पॉलिश पेपर मारून रंग काढू, लाकूड मोकळं करून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश देऊ. जाऊबाई म्हणतात, हातसुद्धा लावायचा नाही. शिवाय सासऱ्यांचं सागवानी कपाट आहे, त्यावर ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चौरंगाला पॉलिश पेपर लावू देऊ नका. सुताराला आजच सांगून टाका.

सुतार वाईट बोलला नाही, त्याच्या डोळ्यांसमोर सागवान आहे. पण अशा चौरंगांचं लाकूड बहुधा आंब्याचं किंवा तसंच साधं असतं. रंगाखाली झाकलं जाणार हे धरूनच ते निवडलेलं. चौरंग उलटा करा आणि उजेडात खालची बाजू पाहा. न रंगवलेलं लाकूड दिसेल, कडेला पांढऱ्या अस्तराचे ओघळ दिसतील. मग वरच्या एखाद्या पोपड्याची कड भिंगातून बघा: सगळ्यात खाली लाकूड, त्यावर पांढरा थर, त्यावर लाल, त्यावर वेलीची रेघ आणि शेवटी चकाकी देणारा रोगणाचा हात. सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांना, चिंचोक्याच्या खळीत खडू कालवून अस्तर देतात, तुमच्या चौरंगाचं पांढरं अस्तरही त्याच जातीचं असणार. चिताऱ्याचं सगळं काम या कागदाएवढ्या जाडीत आहे. ते खरवडलंत तर हातात चार पायांची एक फळी उरेल.

सावंतवाडीची ही रंगकामाची कला एकदा जवळपास संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. तुमचा चौरंग त्याआधीचा आहे का, हे सासूबाईंना जरूर विचारा आणि सांगतील ते लिहून ठेवा. त्याआधीचा निघाला तर मी तरी त्याच्यावर नवा ब्रशही फिरवू देणार नाही.

पोपडे का धरतात? लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. रंगाला तेवढं ताणता येत नाही, म्हणून तो लाकडाच्या रेषेनं चिरतो आणि मग उचलतो. तेव्हा चौरंग बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नका, एसीच्या झोतात नको, गॅलरीतल्या उन्हात तर नकोच.

आता साफसफाई. उचललेल्या रंगावरून फडकं फिरवू नका, धाग्यात अडकून पोपडा निघून येतो. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. काजळी जिथे रंग घट्ट आहे तिथेच, कापसाचा बोळा जेमतेम ओला करून, हलक्या हातानं टिपा. साबण, सोडा, लिंबू, खोबरेल काही नको. सॅनिटायझर आणि स्पिरिट तर लांबच ठेवा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि पायांवरचा रंग लाखेचा असण्याची दाट शक्यता आहे: कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतो, घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून पायावर चढते. म्हणूनच नैवेद्याचं गरम पातेलंही त्यावर थेट ठेवू नका.

सुटलेले पोपडे घरी पांढऱ्या डिंकानं चिकटवायला जाऊ नका, तो नंतर सोडवता येत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, आधी तिथे विचारा. वरून टचवूडचं पॉलिशही नको. ते पिवळं पडतं आणि काढायला गेलं की रंग घेऊन येतं. चौरंगाखाली एक काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. त्यावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. औषध खालच्या, न रंगवलेल्या बाजूनं, सुईनं भोकात सोडायचं. पाय डगमगत असेल तर मात्र सुताराला खुशाल बोलवा, सांधा बसवणं त्याचंच काम.

जाऊबाईंचं एवढंच पटत नाही की हात लावायचा नाही. गणपती बसू देत की! वर किंचित मोठी, हलकी फळी टाका, खाली चारही कोपऱ्यांना, जिथे रंग घट्ट असेल तिथे, फेल्टचे तुकडे लावा आणि वस्त्र त्या फळीवर अंथरा. पाय दिसत राहतील, निरांजनाचं तेल फळीवर पडेल.

कपाटाची गोष्ट वेगळी. तो रंग कुणीतरी सोयीसाठी मारलेला आहे, खाली सागवान आहे; काढा. पण कोरडं घासून काढायचं नाही, विषारी धूळ उडते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017 पासून, त्यामुळे जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चाला. चौरंगावरही सफेदा, शेंदूर, हिंगूळ, हरताळ हे जुने रंग असू शकतात; पहिल्या दोन्हींत शिसं, हिंगुळात पारा, हरताळात सोमल (आर्सेनिक). पॉलिश पेपरला माझा विरोध आहे त्याचं हेही एक कारण. कपाटाला पेंट रिमूव्हर लावून ओला रंग पट्टीनं उचलायला सांगा, हीटगन नको. काम गच्चीवर किंवा सुताराच्या वर्कशॉपमध्ये होऊ दे. जागा ओल्या फडक्यानं पुसून होईपर्यंत मुलीला तिकडे जाऊ देऊ नका, आणि चौरंगाचे गळलेले तुकडे तिच्या हाती लागणार नाहीत अशा डबीत जपून ठेवा. संवर्धकाला ते लागतील.