ब्रिटनमध्ये स्पोर्ट सायन्स: प्लेसमेंट आणि प्रोजेक्टबद्दल तुझ्या प्रश्नांची उत्तरं

तू विचारलंस, की ब्रिटनमध्ये स्पोर्ट सायन्सचं एम.एस्सी. करताना क्लबमध्ये प्लेसमेंट (म्हणजे शिकतानाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव) मिळते का, तिचे पैसे मिळतात का, आणि प्रोजेक्टचा विषय तिथूनच ठरवून यावा का. मी इथेच शिकले आणि आता याच क्षेत्रात नोकरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे प्रत्येक गोष्टीला आधी परवानगी लागते आणि सगळा वेळ त्यातच जातो. तुझं वेळापत्रक त्या हिशोबानेच आख.

व्हिसापासून सुरुवात करू. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. प्लेसमेंट अभ्यासक्रमाचाच भाग असेल आणि तिला मार्क असतील, तर ते तास यात धरत नाहीत. माहितीपत्रकात ‘प्लेसमेंटची संधी’ असं छापलेलं असतं, पण बऱ्याचदा जागा आपली आपणच शोधायची असते. ती मिळाली नाही तर कोर्सचं काय होणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घे.

आपल्या क्षेत्रातल्या मुलांना गोत्यात आणणारी अट वेगळीच आहे: स्टुडंट व्हिसावर प्रोफेशनल खेळाडू किंवा कोच म्हणून नोकरी करता येत नाही. शनिवार-रविवारी शाळकरी मुलांना पैसे घेऊन कोचिंग करणं साधं वाटतं, पण त्याने व्हिसाच धोक्यात येतो. बिनपगारी काम असलं तरी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

पैशांचं सांगायचं तर कोर्सचा आवश्यक भाग असलेल्या, एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला इथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे बरेच क्लब काहीच देत नाहीत, आणि ते कायदेशीर आहे. मला हे अन्यायकारक वाटतं, कारण घरून पैसे येणाऱ्यांनाच मग चांगल्या जागा परवडतात. तरी तू बजेट करताना प्लेसमेंटची कमाई शून्य धर.

क्लबच्या अकॅडमीत १८ वर्षांखालची मुलं असतात, म्हणून डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. त्यात परदेशातल्या नोंदी सहसा येत नाहीत, त्यामुळे भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकतात. निघण्याआधीच काढून ठेव.

आता प्रोजेक्ट. विषय ठरवून येऊ नकोस, आवडीचं क्षेत्र ठरवून ये. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडेपर्यंत एकही मोजमाप घेता येत नाही, आणि आधी घेतलेला डेटा बाद होतो. अल्पवयीन खेळाडू घेतलेस तर पालकांची संमती, मुलांचा स्वतःचा होकार, आणखी कागद. एम.एस्सी.ला वेळ आधीच कमी असतो, त्यामुळे प्रौढ खेळाडू आणि रक्त न काढता होणारी चाचणी हे सगळ्यात सुटसुटीत. गाईडची एखादी मंजूर झालेली संशोधन-मालिका चालू असेल तर तिच्यातच आपला छोटा प्रश्न बसवता येतो का बघ. त्यात कमीपणा काही नाही. उलट उपकरणं आणि खेळाडू दोन्ही हाताशी असतात.

प्रश्न लहान ठेव आणि मोजमाप चोख कर. उदाहरणार्थ, फोर्स प्लेटवरची (पायांचा जोर मोजणाऱ्या पाटीवरची) उडी. हात कमरेवर, उडीआधी क्षणभर अगदी स्थिर उभं राहणं, कारण शरीराचं वजन तिथूनच घेतात. उंची हवेतल्या वेळावरून काढत असशील आणि खेळाडूने गुडघे दुमडून लँडिंग केलं, तर ती वेळ लांबते आणि उडी खोटीच उंच दिसते. रक्ताची चाचणी करावीच लागली तर लॅक्टेटचंही (व्यायामात रक्तात वाढणारा पदार्थ) तसंच. बोटाच्या किंवा कानाच्या पाळीच्या टोचणीनंतर पहिला थेंब पुसून टाकायचा, कारण घामातही लॅक्टेट असतं आणि आकडा फुगतो. खरा अभ्यास सुरू करण्याआधी त्याच माणसांवर तीच चाचणी वेगळ्या दिवशी पुन्हा घे. दोन दिवसांतला फरक किती येतो ते कळलं, की सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगनंतर दिसणारी सुधारणा खरी की चाचणीतलाच नेहमीचा चढउतार, हे तुला सांगता येईल. मुलाखतीत क्लबची माणसंही याबद्दल हमखास विचारतात.

ऑफर लेटर आलं की प्लेसमेंटचा उल्लेख असलेलं पान मला पाठव, वाचून सांगते.