माझे आजोबा 1948 मध्ये काश्मीरला महार मशीनगन रेजिमेंटमध्ये होते. त्यांची बटालियन नेमकी कोणत्या लढाईत होती?

अख्खी बटालियन एका जागी लढली असेल असं धरून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. वर कुणीतरी शहाणा सांगेल, मग ते लढलेच नसतील. मलाही तसंच सांगितलं होतं, म्हणून लिहितोय.

माझेही आजोबा 1 महारमध्ये, म्हणजे महार रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. गावात माजी सैनिकांचा फलक लावायचा ठरला तेव्हा नाव, पलटण आणि लढाई असे तीन रकाने केले. आजोबांचे पहिले दोन भरले आणि तिसऱ्यात नुसती रेघ मारली. विचारायला गेलो तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "ते अटॅच होते हो. लढाई ज्या पलटणीची, तिच्या नावावर जाते." ते स्वतः फौजेतून रिटायर झालेले, म्हणून जास्त लागलं.

अटॅच होते म्हणजे काय? मशीनगन बटालियन वाटली जायची. एक कंपनी या ब्रिगेडला, एक प्लाटून पलीकडच्या खोऱ्यात, दोन गना एखाद्या टेकडीवरच्या पिकेटवर, म्हणजे छोट्या चौकीवर. टेकडी राखली की नाव लागायचं तिथल्या पायदळ पलटणीचं. 24 डिसेंबर 1947 ला नौशेराजवळचं झांगर आपल्या हातून गेलं, मार्च 1948 मध्ये परत घेतलं. लोकांना ते परत घेणारे ब्रिगेडियर उस्मान आठवतात, आठवायलाच हवेत. पण झांगर पडलं त्या दिवसाच्या कामगिरीसाठी महार मशीनगनच्या नायक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळालं, हे किती जणांना माहीत आहे? 1962 लाही तेच. लडाखच्या 114 ब्रिगेडबरोबर 1 महारची कंपनी होती, तिचा उल्लेख एका ओळीत उरकतात.

आणि ती गन! विकर्स. गन वेगळी, ट्रायपॉड वेगळा, पट्ट्यांच्या पेट्या वेगळ्या, पाण्याचा डबा वेगळा, आणि हे सगळं माणसांच्या खांद्यावरून डोंगर चढायचं. एका पट्ट्यात 250 गोळ्या. नळीभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी, गोळीबार सुरू राहिला की ते उकळायला लागतं. वाफ बाहेर दिसली तर ठिकाण उघडं पडतं, म्हणून रबरी नळीने ती डब्यात उतरवायची. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लिसरीन. आजोबा पलंगाच्या कडेवर करून दाखवायचे: दोन्ही अंगठे दाबले, एक बर्स्ट, म्हणजे गोळ्यांची एक छोटी फैर, मग हँडलला बाजूने हाताची एक थाप, गन केसभर सरकली, पुन्हा बर्स्ट. ती थाप जोरात बसली तर मधली जागा मोकळी सुटते आणि तिथून माणसं आत घुसतात, असं ते म्हणायचे. दिवसाउजेडी गन पक्क्या दिशेवर बांधून ठेवायची, म्हणजे रात्री काही दिसत नसतानाही मारा त्याच पट्ट्यात पडतो. शत्रूचे मॉर्टर आधी हीच गन शोधतात. पिकेट सोडायची वेळ आली तर बाकीचे निघेपर्यंत गनवाल्यांनी थांबायचं. याला कुणी 'मदतीला होते' म्हणत असेल तर त्याने मशीनगनच्या मागे बसून बघावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तुमच्या आजोबांचं डिस्चार्ज बुक काढा. बटालियन आणि तारखा त्यात मिळतील. कंपनी कळली तर निम्मं काम झालं. मग सागरला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाव, भरतीचं साल घालून पत्र लिहा, पेन्शनचे कागद असतील तर त्यांच्या प्रती जोडा. ब्रिगेड कळली की त्या ब्रिगेडचा इतिहास वाचा, पलटणीचा नंतर. 'एमएमजी (मीडियम मशीनगन) प्लाटून' असं बिननावाचं लिहिलेलं दिसलं की तारीख जुळवून बघा. मी असंच करून ब्रिगेडचं नाव समितीला लेखी दिलं. रेघ अजून तशीच आहे. ज्या टेकडीवर माणूस गोळ्या झाडत होता ती लढाई त्याचीच, हे त्या गृहस्थांना मी तोंडावर सांगितलंय आणि पुन्हा सांगेन.

एक राहिलं. हे सगळं मशीनगनच्या काळापुरतं. ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला 1 महार उभी राहिली ती साधं पायदळ म्हणून, मशीनगन रेजिमेंट 1946 मध्ये झाली आणि 1963-64 च्या सुमारास पुन्हा पायदळ. त्यामुळे तुमचे आजोबा 1965 लाही नोकरीत असतील तर तिथे मात्र बटालियनच्याच नावाने शोधा.