मुंबईत स्वतःचा कपड्यांचा ब्रँड सुरू करायचाय, दोन लाख साठवलेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की नाव ठरलंय, लोगो तयार आहे, इन्स्टाग्रामचं पेज उघडलंय, आता फक्त चांगला मॅन्युफॅक्चरर हवाय. नोकरी सोडू का, असंही विचारलंय. मी सहा वर्षं कॉटनचे कुर्ते बनवून विकते, शिलाई भांडुपला होते. माझं म्हणणं असं की मॅन्युफॅक्चरर राहू द्या, आधी कटिंग मास्तर, म्हणजे कापड बेतून कापणारा कारागीर, शोधा. आणि दहा डिझाइनं नकोत, एकच कुर्ता घ्या.

माझा पहिला लॉट 60 कुर्त्यांचा होता. मंगळदास मार्केटमधून ताके आणले आणि त्याच आठवड्यात कटिंगला दिले. सगळे विकले गेले. महिन्याभराने एका ताईंचा फोटो आला. तीनदा धुतल्यावर बाही मनगटाच्या वर गेलेली, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल, काखेत रुतलेला. कापड आटलं होतं. मी माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, जेमतेम पाव इंच ठेवली होती, त्यामुळे उसवून सैल करायलाही जागा नव्हती. मग एकेक करत 23 जणींचे पैसे परत केले. त्यातल्या फार थोड्या पुन्हा माझ्याकडे आल्या, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हापासून ताका आला की त्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखते, तुकडा कापून धुते, सुकवते, इस्त्री करते आणि पुन्हा मोजते. 50 चे साडेसत्तेचाळीस भरले तर कापड 5 टक्के आटलं, म्हणजे 44 इंच उंचीचा कुर्ता दोन इंचांहून जास्त आखूड होणार. उभं आणि आडवं माप वेगवेगळं लिहा, कारण कापड ताण्याच्या, म्हणजे ताक्याच्या लांबीच्या, बाजूने सहसा जास्त आटतं. मग अख्खा ताका आधी पाण्यातून काढायचा की पॅटर्नमध्येच, म्हणजे कापायच्या साच्यातच, वाढवून घ्यायचं, हे मास्तरांशी बोलून ठरवा. ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का तेही बघा, इंडिगो किंवा गडद लाल असेल तर हमखास बघा.

आता मास्तर. मला भेटले ते साकीनाक्याच्या एका छोट्या युनिटमध्ये. माझा नमुना त्यांनी टेबलावर पसरला, मुंढ्यावरून खडू फिरवला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, पहनके हाथ ऊपर किया क्या?" मी केला नव्हता. तिथेच घालून हात वर केला, तर अख्खा कुर्ता चार बोटं वर चढला. मुंढा खोल घेतला की असं होतं. लोकलमध्ये हँडल धरून उभं राहणाऱ्या बाईने तो कुर्ता पुन्हा घातला नसता. मास्तरांनी मुंढा वर घेतला, बाहीची गोलाई बदलली, आणि चौथा नमुना बसला. त्याआधी मी सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या 32 जणींची मापं घेतली होती, साइज चार्ट त्यावरूनच केला. बाहेरचा तयार चार्ट उचलू नका. तुमच्याकडून दुसऱ्यांदा घेतलेला कुर्ता पहिल्यासारखाच बसला, तर ती बाई तुमची झाली. ब्रँड म्हणून मी एवढंच ओळखते.

कापड घेताना दुकानदाराला 'रिपीट मिळेल का' हे आधी विचारा. डिझाइन चाललं आणि कापड संपलं, किंवा पुढच्या लॉटचा रंग एक छटा वेगळा आला, की सगळी मेहनत अडकते. बटणं, लेस भुलेश्वरला घ्या.

हिशेब माझा सांगते. अडीच मीटर कापड 160 च्या दराने 400, शिलाई 200, बटणं-अस्तर-लेबल 50, धुलाई-इस्त्री-पॅकिंग 50. झाले 700. कुरियर, फोटो, परत आलेले नग आणि पडून राहिलेले साइज यांचा खर्च त्यावर. त्यामुळे 1,500 च्या खाली मी विकत नाही. दोन लाखांतले 50 हजारच पहिल्या लॉटला लावा. दुसरा लॉट पहिल्याचे पैसे यायच्या आत काढावा लागतो.

कागदपत्रं थोडक्यात. माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर पहिल्या विक्रीपासून जीएसटी नोंदणी लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 18 टक्के दर आहे. ठरवलेलं नाव आधीच कुणाचं आहे का, ते ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर आजच शोधा. कपडे वर्ग 25 मध्ये येतात, एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर फी 4,500 रुपये. लेबलं छापायच्या आधी हे करा, नंतर नाव बदलणं फार महागात पडतं.

जून ते सप्टेंबर तयार माल जमिनीवर ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत पिशवीतल्या कॉटनला बुरशी धरते. दिवाळीचा लॉट श्रावणातच कटिंगला जायला हवा, नंतर युनिटं मोठ्या ऑर्डरींनी भरलेली असतात आणि 60 नगांकडे कुणी बघत नाही.

नोकरी इतक्यात सोडू नका. तीन लॉट होऊ द्या. या शनिवारी मंगळदासला जा, कापडांना हात लावा, दर विचारा, काहीच घेऊ नका. रविवारी मार्केट बंद असतं.