कॅचर म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपरच ना? मग बस्टर पोझी ३४व्या वर्षी का थांबला?

तुम्ही विचारलंय की धोनीने चाळिशी ओलांडूनही आयपीएलमध्ये कीपिंग केलं, मग अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाचा कॅचर पोझी याला काय झालं. हेच मला थोरल्या भावाने ठाण्याहून फोनवर ऐकवलं होतं, "पळाला तुझा हिरो" म्हणून. त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

मी सोलापुरात आठ वर्षं लेदर बॉलवर कीपिंग केलंय. फास्ट बोलर आला की आपण मागे सरकतो. कॅचरला मागे सरकायची सोयच नाही. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू तो बॅटरच्या पाठीशी उकिडवा बसून घेतो, एकेका सामन्यात शंभराहून जास्त वेळा. बॅटची कड लागून चेंडू मास्कवर आदळतो ते वेगळंच. शिवाय कुठला चेंडू टाकायचा, हे पिचरला, म्हणजे बोलरला, तोच खुणावतो. जून २०१२मध्ये पोझीच्याच संघाच्या मॅट केनने परफेक्ट गेम टाकला, २७ बॅटर आले आणि २७ बाद. त्या रात्री खुणा पोझीच्या होत्या.

आता २५ मे २०११. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेडियममध्ये मी मुलाला घेऊन बसलो होतो. तो अकरा वर्षांचा, शाळेच्या टीमचा कॅचर, मांडीवर स्वतःचं ग्लोव्ह. बाराव्या इनिंगमध्ये उंच चेंडू झेलला गेला, तिसऱ्या बेसवरून फ्लोरिडाचा स्कॉट कझिन्स रन पूर्ण करायला होम प्लेटकडे, म्हणजे पोझीच्या जागेकडे, सुटला. थ्रो आला, पोझीच्या हातात बसलाच नाही आणि कझिन्सने खांदा घातला. पोझी मातीत पालथा, सरपटायला बघतोय, पाय साथ देत नाही. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, मोसम संपला. मुलगा म्हणाला, "बाबा, बॉल तर त्याच्याकडे नव्हताच, मग त्याला का मारलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी भावाला सांगितलं तर म्हणाला, "हे चालायचंच, मर्दानी खेळ आहे." तेव्हापासून आमचं भांडण. २०१४पासून होम प्लेटवरच्या अशा धडकेविरुद्ध नियम आला. माझ्या मते तो वीस वर्षं उशिरा आला.

पोझी तर पुढच्याच वर्षी परतला. ०.३३६च्या सरासरीने (म्हणजे हजारात ३३६ हिट) फलंदाजीत लीगमध्ये पहिला आला, एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. संघासोबत २०१०, २०१२, २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढती, जिंकल्या. मग डोक्याला मार, २०१८मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया. २०२१मध्ये संघाने १०७ सामने जिंकले, पोझीची सरासरी ०.३०४, पुढच्या वर्षाचे दोन कोटी वीस लाख डॉलर समोर. तरी थांबला. शरीर दुखतंय आणि घरी चार मुलं आहेत, एवढंच त्याचं म्हणणं. याला पळणं म्हणणाऱ्याने तासभर उकिडवं बसून दाखवावं.

हो, यादिएर मोलिना सेंट लुईससाठी १९ मोसम कॅचर होता, चाळिसाव्या वर्षी थांबला. म्हणजे जमतं काहींना. आणि धोनीचा मीही चाहता आहे, पण त्याच्या अंगावर कुणी मुद्दाम धावून येत नव्हतं.

तुमचा मुलगा कॅचर व्हायचं म्हणत असेल तर होऊ द्या. गुडघे आणि डोकं दुखतंय म्हणाला तर मात्र त्याच दिवशी उठवा, मोठा भाऊ काहीही म्हणो. माझा मुलगा सतराव्या वर्षी स्वतःहून थांबला. मी त्याला एका शब्दानेही अडवलं नाही.