हार्मनी, वृंदगान की सुसंवाद?

प्रश्न थोडक्यात असा: 'द फ्री डिझाइन' या अमेरिकन ग्रुपच्या 'काइट्स आर फन' (१९६७) या विस्मरणात गेलेल्या अल्बमवर मराठीत लेख लिहायचा आहे. ग्रुपचं वर्णन आधी 'सुसंवादी गायकवृंद' असं केलं होतं. एका जाणकाराने 'वृंदगान' सुचवलं, दुसऱ्याने 'स्वरमेळ'. यातलं बरोबर काय? आणि या ग्रुपच्या प्रसन्न, अनेक आवाजांत बांधलेल्या शैलीला 'सनशाइन पॉप' म्हणतात, त्याला मराठी शब्द आहे का?

सरळ 'हार्मनी' लिहा, म्हणजे अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाणं. मराठी शब्द नाहीत म्हणून नव्हे, तर जे आहेत ते सगळे आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत म्हणून.

'वृंदगान' हा त्यातला सगळ्यात फसवा. वृंदगानात गळे अनेक असतात, पण चाल बहुधा एकच असते. बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात गायले तरी स्वर तेच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. एकट्याने गुणगुणून अख्खं गाणं पदरात पडत असेल तर ते वृंदगान. एक आवाज गुणगुणताना बाकीचे सुटत असतील तर ती हार्मनी. सलील चौधरींच्या बॉम्बे यूथ क्वायरसारखे अपवाद आहेत. 'कोरस'चंही तेच, आपल्याकडे कोरस म्हणजे मागे गाणारा ताफा, मग तो काहीही गाओ. 'झील' हा शब्द मला फार आवडतो, पण झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतो, तिच्याखाली वेगळी ओळ गात नाही.

'स्वरमेळ' वाचून संगीत शिकलेल्या माणसाला 'मेल' म्हणजे थाट, रागाची मूळ सप्तकरचना, आठवतो. 'स्वरसंगती' म्हणजे रागाची ओळख पटवणारा स्वरांचा क्रम, उदाहरणार्थ ग-प किंवा ध-ग. हे स्वर एकामागून एक येतात. हार्मनीत ते एकाच क्षणी वाजतात, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

आता 'सुसंवाद'. रोजच्या मराठीत तो सासू-सुनेत किंवा व्यवस्थापन आणि कामगारांत घडतो, ते एक सोडा. शास्त्राच्या अंगानेही तो अडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं (श्रुती म्हणजे सप्तकाच्या बावीस भागांपैकी एक) अंतर असतं ते परस्परांचे संवादी, म्हणजे सा-म आणि सा-प. सा-ग या व्याख्येत बसत नाही, तो अनुवादीत, म्हणजे संवादीही नाही आणि विरोधीही नाही अशा गटात, जातो. आणि या प्रकारच्या गाण्यांचा सगळा डोलारा उभा असतो तो नेमका सा-ग या जोडीवर. म्हणजे 'सुसंवादी' लिहून आपण जी गोष्ट सांगू पाहतो, तीच त्या शब्दाच्या बाहेर राहते. गंमत अशी की चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो, तोच गंधार मुरलेले हार्मनी गायक नकळत लावतात. तो पेटीवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) उतरा असतो. म्हणून पेटीवर सा आणि ग एकत्र दाबले की किंचित थरथर जाणवते आणि गळ्यांत ती विरते.

लेखात हे समजावायचं असेल तर वाचकाला पेटीवर बसवा. चाल 'सा रे ग' अशी चढते आहे. दुसरा आवाज तिच्या वर एक घर सोडून चालतो: सा वर ग, रे वर म, ग वर प. कागदावर हे समांतर दिसतं, पण अंतर सारखं नाही. सा ते ग चार अर्धस्वर (पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर), रे ते म तीन, ग ते प तीन. नवखा गायक पहिलं चाराचं अंतर कानात धरून तसाच वर सरकतो आणि रे वर तीव्र म, ग वर कोमल ध लावतो. गाणं तिथे घसरतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मुख्य आवाज वर चढला की दुसरा त्याच्या ओढीने चालीतच जाऊन मिसळतो, आणि हार्मनीची पुन्हा वृंदगानाशी गाठ पडते. उपाय एकच: दुसरी ओळ स्वतंत्र चाल म्हणून पाठ करायची आणि मगच दोन्ही एकत्र गायच्या. मांडो हे कोंकणी गीत गाणाऱ्या गोव्यातल्या घरांत हे लहानपणापासून कानावर पडतं. तिथे दुसरा आवाज असाच चालीला धरून जातो.

तीन-चार आवाज झाले की सा-ग-प वर नी किंवा ध चढतो. सा-ग-प-नी हा गोडसर, थोडा हुरहुर लावणारा रंग या शैलीत सारखा भेटतो. मात्र चाल वरच्या सा वर थांबत असेल तर तिला खेटून नी ठेवत नाहीत. दोघांत एकच अर्धस्वर उरतो आणि ते खुपतं. मग नी काढून ध देतात. हे ठरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. या अल्बमवर ते काम क्रिस डेड्रिकचं. तो, भाऊ ब्रूस आणि बहीण सँडी हे न्यूयॉर्क राज्यातल्या डेलेव्हन गावचे, वडील ट्रॉम्बोनवादक आणि स्वतः अरेंजर. बहीण एलन नंतर आली. अरेंजरला 'संगीत संयोजक' लिहायला हरकत नाही, तो शब्द रुळला आहे.

ऐकायला सुरुवात याच अल्बमवरच्या 'मिशेल'पासून करा. बीटल्सची मूळ चाल कानात असतेच, त्यामुळे तिच्या वरखाली काय चाललं आहे ते वेगळं काढता येतं. शीर्षकगीत त्यानंतर.

वाक्यांत वापरताना: हार्मनी स्त्रीलिंगी. 'हार्मनी गातात' किंवा 'हार्मनी देतात' लिहा, 'हार्मनी करतात' नको. 'तीन आवाजांत बांधलेलं गाणं' हे अस्सल मराठी आहे आणि नेमकंही. सगळे एकच चाल गातात तिथे 'एका सुरात' लिहा. 'एकसुरी' लिहिलंत तर कंटाळवाणं असा अर्थ होईल आणि ग्रुपची नाहक बदनामी. तुमचं वाक्य मी असं करीन: 'तिघा भावंडांचा हा ग्रुप गुंतागुंतीची हार्मनी इतक्या सहज गातो, की ऐकणाऱ्याला ती बालगीतंच वाटतात.' अल्बम मागे पडण्याचं एक कारणही त्यात आलं. रॉकवाल्यांना हे फार गुळगुळीत, जॅझवाल्यांना फार सोपं वाटे. शिवाय हा अल्बम काढणारी एनॉक लाइटची प्रोजेक्ट थ्री ही कंपनी भारी स्टिरिओ बाळगणाऱ्या प्रौढ गिऱ्हाइकासाठी तबकड्या काढायची. ३५ मिलिमीटरच्या चुंबकीय फिल्मवर मुद्रण, हा तिचा बडेजाव. तरुणांच्या रेडिओवर वजन पाडणं हे तिचं क्षेत्रच नव्हतं.

'सनशाइन पॉप' तसंच ठेवा. 'सूर्यप्रकाशी पॉप' वाचून सौर कुकर आठवतो. शिवाय ही त्या काळची संज्ञा नाही, समीक्षक आणि संग्राहकांनी ती मागाहून चिकटवली. त्यामुळे '१९६७ साली सनशाइन पॉप म्हणून गाजलेला' असं लिहू नका, ते दोन्ही अंगांनी चूक ठरेल. जपानी रसिक याच तबकड्यांना 'सॉफ्ट रॉक' म्हणतात. फ्री डिझाइनला १९९०च्या दशकात नवे श्रोते मिळवून देण्यात तिथल्या कॉर्नेलियस या संगीतकाराचा आणि त्याच्या ट्राटोरिया लेबलचा मोठा वाटा. सिअ‍ॅटलच्या लाइट इन द अ‍ॅटिकने काढलेल्या आवृत्त्या त्यानंतरच्या. जपानी आवृत्ती शोधत असाल तर दुकानात 'सॉफ्ट रॉक'च्या खणातच हात घाला.