ब्रेकियल प्लेक्सस आधी पक्का कर

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका नंतर सोडव. क्लिनिकल पोस्टिंगआधी ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं (चेतांचं) जाळं, पुन्हा काढ. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर: मणक्यातून निघणारी सी५ ते टी१ अशी ५ मुळं, मग टप्प्याटप्प्यानं ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड, ५ मुख्य शाखा. चूक बहुतेकदा पोस्टेरियर कॉर्डपाशी होते. तिन्ही ट्रंकच्या मागच्या डिव्हिजन तिथं एकत्र येतात. हे विसरलं की रेडियल आणि अ‍ॅक्सिलरी नर्व्हचा उगम सापडत नाही.

मग प्रत्येक नर्व्हपुढे स्नायू, हालचाल आणि इजा झाल्यावर काय दिसेल ते लिही. खरा अभ्यास हाच. रेडियल काखेत दुखावली तर मनगट लोंबतं आणि कोपर सरळ करणारा दंडामागचा ट्रायसेप्सही दुबळा होतो. ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मध्याशी दुखावली तर मनगट लोंबतं, पण कोपर बहुधा ताकदीनं सरळ करता येतं. स्नायू रूममेटच्या हातावर चाचपून बघ.